चौदाव्या नळीखालची माती

कुलूप उलटं होतं. अंगठ्याएवढं पितळी कुलूप, जमिनीतून गुडघाभर वर आलेल्या नळीच्या टोपणाला अडकवलेलं. त्याची आकडा कोरलेली बाजू नेहमी घराकडे असायची, आज ती नासपतीच्या झाडाकडे होती. बोहदाना वाकली, पण तिनं हात लावला नाही. हात लावला असता तर कोणी फिरवलं हे मग पक्कं सांगता आलं नसतं – आणि पक्कं सांगता येणं, वार-तारखेसकट, ही तिची अठरा वर्षांची सवय होती. सोमवारी संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकून परतताना आकडा दिसला होता: चौदा. आज गुरुवार. बुधवारी ती दिवसभर घरीच होती. मंगळवारी मात्र गावसमितीच्या बैठकीला गेली होती... म्हणजे मंगळवार. म्हणजे आपण घरी नसताना. म्हणजे, आपण घरी नाही हे बघून.

नळी तिच्या बागेत, तिच्या कोबीच्या वाफ्याच्या टोकाला, पण किल्ली तिच्याकडे नव्हती. ओल्शिना गावात अशा एकतीस नळ्या होत्या, वरच्या विमानतळाच्या कुंपणापासून खाली ओढ्यापर्यंत. रशियन फौज गेली तेव्हा जाताना खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या तारा, संडासाची भांडीसुद्धा उपसून घेऊन गेली. ठेवून गेली ती फक्त मातीत मुरलेलं विमानांचं तेल. आता काही नळ्यांतून खाली हवा ढकलत, काहींतून खताचं पाणी सोडत, आणि चौदा नंबरसारख्या काही नुसत्या बघण्यासाठी होत्या – महिन्यातून एकदा तळाचं पाणी वर ओढून तपासायचं. हवा आणि खत जंतूंसाठी. जंतू तेल खातात, खाऊन संपवतात, असं सांगण्यात आलं होतं. 'असं सांगण्यात आलं' – या शब्दांनी बोहदानाच्या दाताखाली खडा यायचा. पाणी पिण्यालायक आहे असंही एकदा सांगण्यात आलं होतं. टाय लावलेले तीन गृहस्थ तिच्याच विहिरीच्या काठावर उभे राहून सांगत होते, आणि त्यांच्या मागे बादलीतल्या पाण्यावर मोराच्या पिसासारखा तवंग फिरत होता. डोळ्यांना न दिसणारे किडे डोळ्यांना न दिसणारं विष खाणार, आणि खाल्लं की नाही हे त्यांनाच पगार देणारे लोक सांगणार. कुठेतरी पाणी मुरतंय – ती बैठकीत म्हणाली होती, आणि सगळे हसले होते, कारण मुरतच होतं.

विलेम स्वयंपाकघरात चिकोरीची कॉफी पीत बसला होता. कुलूप फिरलंय, असं ती दारातूनच म्हणाली.

"वाऱ्यानं फिरलं असेल."

"कुलूप वाऱ्यानं फिरतं?"

"मग त्या जंतूंनी फिरवलं असेल. बाहेर डोकावायला." त्यानं कपाच्या कडेवरून तिच्याकडे बघितलं. "सासूबाई घरात आहेत की नाहीत, ते बघायला."

जंतूंची सासू – हे नाव त्यानंच पाडलं होतं, आणि दोन वर्षांत ते गावभर झालं होतं. तिला त्याचा राग येत नसे. विलेमचं हसणं तिला बाकी सगळ्या जगापासून वेगळं काढून ठेवल्यासारखं वाटे – जगाचं तपासून घ्यायचं, त्याचं नाही. सत्तावन्न वर्षांचा, शेती संघाच्या ट्रॅक्टरवर तीस वर्षं बसून पाठीला बाक आलेला हा माणूस. पाण्यासाठीच्या मोर्च्यात फलकाची एक काठी तिच्या हातात असे, तेव्हा दुसरी त्याच्या हातात. तो बोलत नसे. बोलायची ती. राजधानीत, पायऱ्यांवर, पत्रकारांच्या पुढे – आपल्या दोन न जन्मलेल्या मुलांबद्दलसुद्धा ती बोलली होती, चौऱ्याऐंशीचा मार्च आणि शहाऐंशीचा ऑक्टोबर, आवाज न कापता. आणि तो शेजारी काठी धरून खाली बघत उभा होता. लोक म्हणाले, बिचाऱ्याला ऐकवत नाही.

दहाच्या सुमारास हेद्विका आली. ही माती धुणाऱ्या कंपनीची रसायनवाली, तिशीची, रबरी बूट, नखांत कायम चिखल. खोटं बोलणाऱ्या माणसांची नखं स्वच्छ असतात असा बोहदानाचा एक हिशेब होता, आणि ही पोरगी त्या हिशेबात बसत नसल्यामुळे ती तिच्याशी अधिकच जपून वागे. कुलपाचं विचारताच हेद्विका सरळ म्हणाली, हो, मीच मंगळवारी संध्याकाळी उघडलं. तुम्ही नव्हता, पण तुमच्या मिस्टरांनी फाटक उघडून दिलं.

विलेमनं. आणि सकाळी – वारा.

बोहदानानं चेहरा हलू दिला नाही. किरकोळ गोष्ट, विसरला असेल, वय झालं... पण तो विसरला नव्हता, त्यानं विनोद केला होता. विसरलेला माणूस विनोद करत नाही, हे तिला आत्ताच, वाफ्याच्या काठावर उभ्या उभ्या कळलं, आणि कळल्यावर ते परत न कळल्यासारखं करता येईना.

हेद्विकानं नळीच्या टोपणावर दोन कागद पसरले. वर्षभरात तीस नळ्यांमधलं तेल उतरत गेलं होतं, काहींत निम्म्यावर. एकट्या चौदात नाही. तिथं जंतू नाहीत म्हणून नाही, ती म्हणाली, उलट तिथं ते रग्गड आहेत.

"ते आम्ही बाहेरून आणलेलेच नाहीत, बोहदानाबाई. ते इथलेच, तुमच्याच मातीतले. तेल खायला ते आपलं आपण शिकले, आम्ही फक्त हवा आणि खत पुरवतो. तुमच्या इथं ते खातायत, पण ताटात कुणीतरी वाढतंच आहे."

"वरून येत असेल. विमानतळावरून."

"तसं वाटलं होतं." हेद्विकानं एका कागदावरच्या आलेखातल्या टेकड्यांवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या कागदावरच्या. पहिल्या टेकड्या लवकर संपत होत्या, दुसऱ्या उजवीकडे लांबवर पसरल्या होत्या. "विमानाचं तेल म्हणजे रॉकेलचं भावंड, हलकं. चौदा नंबरमध्ये ते थोडं आहे, पण बाकी डिझेल आहे. आणि दोन वयांचं. एक जुनं – जंतूंनी मांस खाऊन हाडं ठेवावीत तसं, वीस-पंचवीस वर्षांचं. आणि एक अगदी ताजं. जवळच काहीतरी पुरलेलं असणार, अजून गळतंय."

तर असं आहे, बोहदानाच्या मनात आलं – आणि जुना, ओळखीचा, उबदार संशय एकदम अंगभर चढला. लष्कराचं पाप आता गावकऱ्यांच्या परसात ढकलायचं. आधी एका बाईच्या बागेत, तीही नेमकी समितीच्या बाईच्या... चांगली योजना आहे, कागदसुद्धा तयार आहेत. कागदांची नक्कल द्या, ती म्हणाली. हेद्विकानं दोन्ही कागद तिच्याच हातात दिले, माझ्याकडे दुसरे आहेत म्हणाली. मग थोडं अवघडून:

"सशांच्या खुराड्यामागं खणून बघितलं असतं, एक मीटरभर. मंगळवारी विचारलं मी. पण तुमचे मिस्टर म्हणाले तिथं कुत्रा पुरलाय, तिथं नको. मला... म्हणजे मी समजू शकते. पण जरा बाजूला चालेल का?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

"हो," बोहदाना म्हणाली. "तिथं कुत्रा आहे. तिथं नको."

हेद्विका गेल्यावरसुद्धा ते वाक्य वाफ्याच्या काठावरच उभं होतं. कोणी बोललं ते? – कारण ती तर आयुष्यात या लोकांशी खोटं बोलली नव्हती. तिची सगळी ताकद त्यातच होती की तुम्ही खोटे आणि मी खरी. आणि तोंड मात्र विचारायला न थांबता पुढे धावलं होतं, रस्त्यात गाडीखाली येणाऱ्या माणसाला मागे ओढावं तसं. कुणाला ओढलं? ती खुराड्याकडे गेली. ससे गवत चघळत होते. खुराड्यामागं भिंतीला लागून ब्लॅककरंटची झुडपं, विलेमनं लावलेली, कितीतरी वर्षांपूर्वीची, आणि त्यांना कधीच धड फळ धरलं नव्हतं. उपटून टाक म्हटलं की तो म्हणे, राहू दे, हिरवं दिसतं. ती उकिडवी बसली, मूठभर माती उचलून नाकाशी नेली. मातीचा वास. नुसता मातीचा. तिनं पुन्हा हुंगली, डोळे मिटून, आणि आता तिला वाटलं की येतोय, खोल कुठूनतरी, घशाच्या मागे... पण तिच्या नाकावर तिचाच विश्वास नव्हता. अठरा वर्षं ती तो वास सगळीकडे घेत आली होती, पावात, ओल्या चादरीत, गिरिजाघराच्या बाकांमध्ये.

डिझेल. डिझेल घरात कशाला लागत होतं? ट्रॅक्टर शेती संघाचा, तो तिथंच भरायचा. बटाट्याची सालं काढताना तिचे हात थांबले. मागची खोली. मागच्या खोलीतली ती शेगडी, तेलावर चालणारी, तपकिरी पत्र्याची, तिच्या काचेच्या डोळ्यातून निळसर ज्योत दिसायची... त्र्याऐंशीचा हिवाळा. भिंतीला ओल होती म्हणून विलेमनं ती कुठूनशी आणली होती, बाळाची खोली आत्तापासून कोरडी करायला हवी म्हणाला होता. तेव्हा डिझेल मिळणं म्हणजे ओळख, रांग, चिठ्ठी. आणि ती शेगडी मात्र नोव्हेंबरपासून रात्रंदिवस जळत होती आणि बोहदाना तिच्यापुढे पाय पसरून लोकरीचे मोजे विणत होती, वीतभर, बोटभर मोजे, आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं की हे येतं कुठून. ऊब आली की कोणी विचारतं का?

आणि दुधाचे कॅन. नाही, आधी तो विचार येऊ नये म्हणून तिनं पाणी उकळायला ठेवलं, शेपू चिरला – पण कॅन आलेच, ॲल्युमिनियमचे, चेपलेले, दोन. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात विलेम सायकलला कॅन बांधून भावाच्या गावाहून पाणी आणू लागला होता. चार किलोमीटर, चढाचा रस्ता, दर दिवसाआड. आपलं पाणी जड आहे, तुझ्या मूत्रपिंडाला चांगलं नाही, असं म्हणायचा. शेजारच्या बायका हेवा करायच्या. बैठकीतसुद्धा तिनं हे सांगितलं होतं, कौतुकानं – माझ्या नवऱ्याला जणू आतूनच कळलं होतं... तेव्हा गावात कोणाला काही माहीत नव्हतं. विहिरी तपासल्या गेल्या त्या नव्वदमध्ये. सहा वर्षं आधी त्याला आतून कळलं होतं. आतून नाही. वरून, तिच्या विहिरीत वाकून बघून.

जेवताना ती त्याच्याकडे बघत राहिली. शेपूचं सायीचं सूप, वर उकडलेलं अंडं, त्याच्या आवडीचं. तो नेहमीप्रमाणे आधी बटाटे बाजूला सारून रस्सा पीत होता. काही विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आधी पुरावा, मग प्रश्न – ही तिची रीत.

"कुत्र्याचं नाव काय होतं?" ती म्हणाली.

"कुठल्या?"

"खुराड्यामागं पुरलाय त्या."

त्याचा चमचा हवेत थांबला, मग हळूच, आवाज न करता, ताटलीच्या कडेला टेकला. तो आता विनोद करेल, तिला वाटलं. करू दे, देवा, करू दे. त्यानं केला नाही.

"दोन पिंपं आहेत," तो म्हणाला.

मग तो बोलत गेला, अठ्ठावीस वर्षांत बोलला नसेल इतकं, टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत. कुंपणाला एक भोक होतं. पलीकडे एक सार्जंट, घरी गाळलेल्या आलुबुखारच्या दारूच्या बदल्यात रणगाड्यांचं डिझेल द्यायचा. अर्ध्या गावानं घेतलं, पण लोक डबाभर घेत. यानं दोन पिंपं घेतली, हिवाळाभर खोली गरम राहावी म्हणून, आणि झडतीच्या भीतीनं पुरली, वर नळाचं तोंड ठेवून. फेब्रुवारीत एक पिंप रिकामं लागलं. त्याला वाटलं सार्जंटनं फसवलं, अर्धंच भरलं होतं. एप्रिलमध्ये बादली वर आली तेव्हा तिच्यावर रंग होते. दुसऱ्या पिंपाला त्यानं परत हातच लावला नाही, शेगडी विकून टाकली, वर झुडपं लावली.

"तू तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपायचीस, दाना. हॉस्पिटलातून येऊन महिना झाला नव्हता. तेव्हा काय सांगणार होतो?"

"नंतर."

"नंतर नव्वद साल आलं. सगळ्यांच्याच विहिरींत निघालं. खालच्या आळीतल्यासुद्धा." त्यानं मेणकापडावरचा एक कण बोटानं टिपला. "माझं त्यात मिसळून गेलं. तू बोलायला लागलीस... आणि तू उठून उभी राहिली होतीस. इतक्या वर्षांनी तू उठून उभी राहिली होतीस. त्यांचं तेल होतंच ना. ते खोटं नव्हतं."

"किती त्यांचं, किती तुझं?"

"मला काय माहीत."

ती उठली नाही, ओरडली नाही. तिला आपल्या आत राग शोधायचा होता आणि हात अंधारात भिंतीवर फिरावा तसा फिरत होता, बटन जिथं असायला हवं तिथं नव्हतं. रागाची सवय होती, पण तो नेहमी कुंपणापलीकडे असे, गणवेशात, परक्या भाषेत. हा माणूस समोर बसला होता आणि त्याच्या मिशीला साय लागली होती.

मग तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात, जणू हे तिलाही देऊन टाकावं असं:

"दुसऱ्या वेळी तर तू कॅनचंच पाणी पीत होतीस. सगळं मी आणलेलं. चहासुद्धा. आणि तरी... तरी तसंच झालं. म्हणजे पाण्यामुळं नव्हतं, दाना. डॉक्टरही म्हणाला होता, कारण सांगता येत नाही. पाण्यामुळं नव्हतं. त्याच्यावर तर मी जगलो."

बोहदानानं सूप संपवलं, शेवटच्या चमच्यापर्यंत, कारण तोंडात काहीतरी असायला हवं होतं, बोलता येऊ नये असं.

कारण कॅनमधलं पाणी कोमट व्हायचं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याला पत्र्याची चव यायची, आणि विलेम शेतावर असे, आणि विहिरीचं पाणी – ते दातांना झिणझिण्या आणणारं गार पाणी – दहा पावलांवर. शहाऐंशीचा तो सबंध उन्हाळा. ती बादली सोडायची, ओंजळीनं प्यायची, तोंड पुसायची आणि कॅन थोडा मोरीत ओतून द्यायची, त्याला वाईट वाटू नये म्हणून. चार किलोमीटर चढाचा रस्ता... त्याला वाईट वाटू नये, एवढंच. चव? होती चव. त्याच्याही आधी, चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीतच ती लागली होती, आगकाडीच्या टोकासारखी. सुईण म्हणाली होती, दिवस गेलेल्या बाईच्या जिभेला काहीही लागतं, आणि तिनं ते मानलं होतं. तिनं! जी आज पावतीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते. मानलं होतं की मानायचं ठरवलं होतं? मागची खोली गरम होती, मोजे पूर्ण होत आले होते, आणि विचारलं असतं तर विलेम काहीतरी म्हणाला असता...

चार वाजता ती विमानतळाच्या चढावर होती. कशी आली ते तिला नीटसं सांगता आलं नसतं. जुन्या धावपट्टीच्या टोकाला उपसलेल्या मातीचे लांबच लांब ढीग काळ्या कापडाखाली झाकलेले, त्यांच्या पोटात नळ्या खुपसलेल्या, पंपाची एकसुरी घरघर. हेद्विका एका ढिगाचं कापड वर करून तापमान बघत होती. तिनं नुसतं बोलावलं, हात घालून बघा म्हणाली, आणि बोहदानानं कोपरापर्यंत हात घातला. एप्रिलची हवा गार होती. माती आतून उबदार होती, अंगाच्या उबेसारखी. खातायत, हेद्विका म्हणाली. दोन वर्षं बोहदाना हे ढीग बघत होती आणि आत काहीही होत नाही याची तिला खात्री होती. तिनं हात बाहेर काढला नाही.

"किती पूर्वी गळलं ते नक्की सांगता येतं? साल?"

"अंदाज. पाच वर्षं इकडं, पाच तिकडं. जेवढं खाल्लं गेलंय तेवढं सांगता येत नाही, उरलेल्यावरूनच बोलायचं."

"आणि पाण्यात किती होतं तेव्हा... ओंजळभर पाण्यात?"

हेद्विकानं मान हलवली. ते आता कोणालाच सांगता यायचं नाही.

"उद्या खणा," बोहदाना म्हणाली. "खुराड्यामागं. कुत्रा नाहीये तिथं. दोन पिंपं आहेत, एक अजून भरलेलं असेल."

पोरीनं तिच्याकडे बघितलं, क्षणभरच, आणि काही विचारलं नाही. सकाळी खोटं का बोललात, हे नाही. कोणाची पिंपं, हेही नाही. खिशातून ओलसर झालेला फॉर्म काढला, पेन मनगटावर घासून चालू केलं. असं काही निघालं की नोंद करावी लागते, म्हणाली, दोनच प्रश्न. विहीर किती खोल? नऊ मीटर. आणि त्या विहिरीचं पाणी प्यायला शेवटचं कधी वापरलं?

पंप घरघरत होता. खाली गाव दिसत होतं, घराचं छप्पर, धुराडं, आणि बागेत एक वाकलेली आकृती – विलेम, हातात फावडं घेऊन, झुडपांपाशी उभा. खणत नव्हता, नुसता उभा होता. याच प्रश्नाचं उत्तर तिनं किती जणांना दिलं होतं, पायऱ्यांवर, आवाज न कापता: मे चौऱ्याऐंशी, माझा नवरा सायकलवरून पाणी आणायचा. छापून आलेलं होतं ते. ते उत्तर तयार होतं, जिभेवर होतं, त्यावर एक माणूस इतकी वर्षं जगला होता. आणि दुसरं उत्तर कोपरापर्यंत उबेत बुडालेल्या हातात कुठेतरी... आपण आता काय बोलू, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि जे बोलू ते खरं असेल की नाही, हे ओळखायची एकही खूण, अठरा वर्षांत जमवलेल्या खुणांपैकी एकही, आपल्यावर चालत नाही हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

हेद्विका पेन टेकवून थांबली होती. चिखलाळलेली नखं, वर केलेला, सगळं खरं मानायला तयार असलेला चेहरा. बोहदानाला तिची अचानक चीड आली. इतक्या सहज कोणावर विश्वास ठेवू नये, बाई – तिला म्हणावंसं वाटलं – निदान माझ्यावर तरी.